रेडिओवर बुवांपेक्षा टाळच का ऐकू येतात?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली, गणपती आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या भजनी मंडळांना रेडिओवर बोलावणं येतं. शिवजयंतीला शाहीर येतात, नवरात्रात चौंडक्याची गाणी होतात. तासाभराचा कार्यक्रम, थोडं गाणं, थोड्या गप्पा. कल्पना चांगली आहे आणि ती चालू राहायला हवी. पण घरच्या रेडिओपर्यंत जे पोहोचतं त्यात बुवांचे शब्द कळत नाहीत, पखवाजाची थाप नुसती धप्प येते आणि टाळ तेवढे कानात घुसतात. मंडळवाले म्हणतात, केंद्राची यंत्रं जुनी. केंद्रवाले म्हणतात, मंडळाला स्टुडिओत बसायची सवय नाही. आमच्या मते दोष बहुतेक वेळा बैठकीचा असतो आणि तो कार्यक्रमाआधीच्या पाऊण तासात निघू शकतो. साथीला बसणारे आणि ध्वनिमुद्रण करणारे अशा दोन्हीकडच्यांनी मिळून हे पत्र लिहिलं आहे. रोख कोणत्याही एका केंद्रावर नाही.

आधी टाळांचंच घेऊ, कारण निम्मे कार्यक्रम तिथेच बिघडतात. देवळात बुवा पुढे आणि टाळकरी मागे उभे असतात. स्टुडिओतही मंडळ सवयीने तसंच बसतं. बुवांसमोरचा माइक समोरचा आवाज घेतो आणि पाठीमागचा टाळतो. म्हणजे तो बुवांच्या तोंडाकडे बघतो तसाच त्यांच्या खांद्यावरून थेट टाळकऱ्यांकडेही बघतो. मग मिक्सरवरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) कितीही खालीवर करा, बुवांचा आवाज वाढवला की टाळ त्याच्याबरोबर वाढतात. उपाय साधा आहे. टाळकऱ्यांना बुवांच्या समोर, माइकच्या पाठीकडे, आठ-दहा फुटांवर बसवायचं. नेहमीच्या कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणाऱ्या, माइकचा बहिरा कोन बरोबर मागे असतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. या दोन गोष्टी जमल्या की अर्धं काम झालं. टाळकऱ्यांच्या मागची भिंत उघडी असेल तर आवाज तिच्यावर आपटून परत येतो; तिथे दोन गोधड्या किंवा जाड सतरंजी टांगावी. वीस टाळकरी आले असतील तर आत चार, फार तर सहा घ्यावेत आणि प्रत्येक अभंगाला आळीपाळीने बदलावेत. कुणाला बाहेर बसवलं असं वाटत नाही आणि आवाजही आवरतो.

टाळांचा दुसरा घोटाळा मिक्सरवर दिसतच नाही, तो पुढे प्रक्षेपकात होतो. एफएमवर खरखर कमी यावी म्हणून वरच्या कंपनांना प्रक्षेपणापूर्वी मुद्दाम उचल दिली जाते आणि ऐकणाऱ्याच्या संचात ती परत उतरवली जाते. आपल्याकडे या उचलीचं माप ५० मायक्रोसेकंद आहे. दहा हजार हर्ट्झच्या आसपास ती दहा डेसिबलच्या घरात जाते. टाळांची झणझण नेमकी तिथेच असते. स्टुडिओत बरा वाटणारा टाळ प्रक्षेपकाच्या तोंडाशी पोहोचतो तेव्हा तिप्पट उंच झालेला असतो. तिथला लिमिटर तो दाबतो, पण दाबताना सगळा आवाज एकदम दाबतो, बुवांसकट. टाळ दर मात्रेला पडतो, त्यामुळे बुवांचा आवाज दर मात्रेला बुडतो आणि वर येतो. घरी ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन नीट लागलेलं नाही आणि तो बिचारा एरियल हलवत बसतो. म्हणून ज्या माइकमध्ये टाळ जातात त्याची वरची पट्टी, साधारण आठ हजार हर्ट्झच्या पुढची, मिक्सरवरच चार-सहा डेसिबलने उतरवावी. कार्यक्रमाआधी एकदा तरी बाहेर साध्या रेडिओवर ऐकून बघावं. स्टुडिओतल्या हेडफोनवर हा दोष सापडत नाही.

टाळकरी धृपद धरतात, म्हणजे त्यांचा गळाही हवा. त्यासाठी हाती टाळ नसलेले तीन-चार गळे वेगळे काढून त्यांना एक माइक द्यावा आणि सगळ्यांनी त्याच्यापासून हातभर अंतरावर अर्धगोलात बसावं. दोन माइक शेजारी ठेवायचे असतील तर गाणारा माइकपासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवायचं. ते पाळलं नाही तर एकच आवाज दोन माइकमध्ये किंचित मागेपुढे शिरतो आणि पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. स्टिरिओ हेडफोनवर ते खपून जातं. स्वयंपाकघरातल्या एका स्पीकरच्या रेडिओवर दोन्ही आवाज एकत्र झाले की ते उघडं पडतं.

आता पेटी. या वाद्याचं आणि रेडिओचं जुनं वैर आहे, आणि आमच्या भागाला ते जास्त लागलं. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. बारा ठरावीक स्वरांत बांधलेलं वाद्य, त्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधल्या बारीक जागा) सापडत नाहीत, असा आक्षेप होता. साथीपुरती सूट मिळायला १९७१ उजाडलं. धारवाडचं केंद्र जानेवारी १९५० मध्ये सुरू झालं, म्हणजे त्याची पहिली वीसेक वर्षं पेटीविना गेली. ज्या जिल्ह्यात कागवाडचे रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवाले बेळगावात बसून पिढ्या घडवत होते, तिथे ही बंदी काय असेल ते सांगायला नको. आज बंदी नाही, पण पेटीची आबाळ संपलेली नाही. बहुतेक ठिकाणी माइक भात्यासमोर ठेवतात, कारण तिकडे जागा मोकळी असते. मग सुरांच्या जोडीला हवेची फसफस आणि भात्याची खटखट जाते. माइक वरून, पट्ट्यांच्या पलीकडच्या कडेवर, फूटभर उंचीवर आणि भाता मारणाऱ्या हाताच्या उलट्या बाजूला थोडा कलता ठेवावा. सुरात गोडवा येतो आणि पट्ट्यांचा ठोकाही कमी होतो.

पावसाळ्यात पेटीचं लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात, खानापूरकडच्या पेट्यांच्या तर हमखास. एखादा सूर दाबल्यावर वर येत नाही आणि अख्खा अभंग त्याची पुंगी वाजत राहते. म्हणून स्टुडिओत शिरल्यावर आधी तीनही सप्तकांतल्या सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबून सोडाव्यात. दोन मिनिटांचं काम. दुसरी गोष्ट पट्टीची. गावाकडच्या बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या मापाला तंतोतंत नसतात. काळी दोन म्हणून वाजते ती थोडी चढी किंवा उतरी असते. मोबाइलवरचा तानपुरा नेमका ४४० च्या हिशेबाने लावलेला असतो. दोन्ही एकत्र वाजले की सा हलतो. पेटी तिथे जुळवता येत नाही, तेव्हा तानपुराच बारीक सरकवून पेटीला लावायचा. तबलाही पेटीलाच लावायचा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा आवाज स्पीकरमधून माइकवर सोडू नये. त्याची तार थेट मिक्सरला द्यावी. सगळ्या माइकमध्ये तो झिरपला की नंतर तो कमी करायला जागा उरत नाही.

तबला आणि पखवाज ही चामड्याची वाद्यं, आणि चामडं हवा ओळखतं. बाहेर पाऊस, आत एसी. बाहेरच्या ओलीने सैल झालेली पुडी, म्हणजे वाद्याच्या तोंडावरचं चामडं, एसीच्या कोरड्या हवेत आवळत जाते आणि सूर चढतो. दाराशी लावलेला तबला दुसऱ्या अभंगाला चढलेला असतो, मग वादक गाणं चालू असताना हातोडी काढतो आणि गट्ट्यांवरचे ठोके श्रोत्यांना ऐकू जातात. वाद्यं निदान अर्धा तास आधी स्टुडिओत, उघडी करून ठेवावीत. एसी नंतर बंद करायचा असेल तर आधीच बंद करावा. मध्येच हवा बदलण्यासारखं वाईट काही नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीकही एसीत लवकर वाळते, कडा सुटतात आणि घुमारा जातो. ती कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी लावावी आणि ओल्या फडक्याखाली थोडी जादा कणीक हाताशी ठेवावी. पखवाजाला दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर माइक मिळाले तर उत्तम. एकच असेल तर मधोमध, समोरून दीड फुटावर. तबल्याला एकच माइक असेल तर दोन्हींच्या मध्ये फूटभर वर, तोंड किंचित डग्ग्याकडे, कारण दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, तसाही पोहोचतो. गाणाऱ्याच्या माइकवर शंभर हर्ट्झखालचा आवाज कापणारं बटण दाबायला हरकत नाही. डग्ग्याच्या आणि पखवाजाच्या माइकवर ते चुकूनही दाबू नये. 'नुसती धप्प' येते त्याचं कारण बहुधा एवढंच असतं.

हलगी असेल तर ती कार्यक्रमात सर्वात आधी घ्यावी. चामड्याची हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही आणि स्टुडिओत जाळ करता येत नाही. बाहेर शेकायची, लगेच आत येऊन वाजवायची; तिचा ताण फार वेळ टिकत नाही. माइक सहा-सात फूट लांब. चौंडकं आणि गाणारीचा गळा मात्र एकाच माइकवर, दीड-दोन फुटांवरून घ्यावा. दोन माइक लावून ते वेगळे करायला गेलं की तिच्या मान वळवण्याबरोबर गाणं फुटतं.

आवाजाच्या पातळीबद्दल एकच सांगतो. मिक्सरचा काटा तालमीत बघून ठेवतात आणि कार्यक्रमात फसतात, कारण तालमीत कुणी पूर्ण गळ्याने गात नाही. भजन चढत जातं. मुखडा विलंबित, शेवट द्रुत आणि गजर, त्यात सहज दहा-बारा डेसिबलचा फरक पडतो. तालमीत बुवांना शेवटचा गजर करायला सांगावं आणि तेव्हा डिजिटल काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवावा. मुद्रणही सोबत चालू असावं, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, मिक्सरच्या दुसऱ्या तोंडातून वेगळ्या यंत्रावर. ते यंत्र बॅटरीवर चालणारं असेल तर वीज गेली तरी तिथवरचं मुद्रण हाती राहतं.

देवळातून किंवा मंडपातून थेट प्रक्षेपण करायचं तर एक मोह हमखास होतो: मंडपातल्या साऊंडवाल्याच्या मिक्सरची एक तार घ्यायची आणि ती तशीच पुढे पाठवायची. मंडपात ढोलकी, टाळ स्पीकरशिवायही ऐकू येतात, म्हणून साऊंडवाला स्पीकरवर फक्त गळा चढवतो. तीच जुळणी रेडिओवर गेली की बुवा विहिरीत एकटेच गातायत असं वाटतं. साऊंडवाल्याकडून गळा घ्या, वाद्यांना आपले दोन माइक स्वतंत्र लावा. आणि दोन्ही मिक्सर एकाच बोर्डवरून वीज घेताहेत ना ते बघा, नाहीतर दोन अर्थिंगच्या भांडणात पन्नास हर्ट्झचा भुंगा सगळ्या कार्यक्रमभर बसतो. पत्र्याच्या मंडपावर पाऊस आला की त्याला मात्र आमच्याकडे औषध नाही. तशा दिवशी आदल्या तालमीचं मुद्रण हाताशी ठेवावं.

वेळेचा हिशेब सांगितला नाही म्हणून होणारी फजिती वेगळीच. साठ मिनिटांत निवेदन, जाहिराती, बातम्यांची पोच वजा जाता पन्नास मिनिटं उरतात. देवळातला एक अभंग रंगला की पंधरा मिनिटं घेतो. तीन अभंगांत कार्यक्रम संपतो आणि गप्पा राहतात, किंवा गप्पा आधी लांबतात आणि भैरवी मध्येच कापली जाते. अशी अर्धवट भैरवी ऐकणं आमच्या मते कार्यक्रम न होण्यापेक्षा वाईट. प्रत्येक रचना सहा ते आठ मिनिटांत बसवून मंडळाने गावातच घड्याळ लावून म्हणून बघावी. कडवी कमी करावीत. लय पळवून वेळ वाचवू नये. दोन मिनिटं उरली की निवेदकाने हात वर करावा, ती खूण पखवाजवाल्याने बघावी. बुवा डोळे मिटून असतात. पखवाजवाला तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवणं) घेऊन त्यांना बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणतो.

गप्पांचं थोडं वेगळं आहे. 'गाण्याची आवड कधी लागली, गुरू कोण, पुरस्कार कोणते' हे तीन प्रश्न विचारले की माणूस पाठ केलेलं बोलतो. त्याच माणसाच्या मांडीवर वाद्य ठेवून विचारा: ही चाल कुणाकडून आली? शेजारच्या गावात ती कशी म्हणतात? दोन्ही दोन-दोन ओळी म्हणून दाखवा. हा टाळ ऐकायला जड का लागतो? पुडी कुठून भरून आणता, मिरजेहून का? मिरज सतार-तानपुऱ्यांचं गाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. बेळगावच्या तबलावाल्याची पुडी कोण भरतो हे कुणी विचारत नाही. अशा प्रश्नाला उत्तर देताना माणूस आपसूक वाजवून दाखवतो आणि तीन मिनिटांत गोष्ट तयार होते. बोलताना गाण्याच्या मानाने आवाज पंधरा डेसिबलनेही खाली येतो, त्यामुळे गाणं संपताक्षणी फेडर वर आणि बाकीचे माइक बंद. नाहीतर मागे कोणी खोकला, कोणी पिशवी चुरगाळली, सगळं बाहेर जातं. फोनवर श्रोते घेत असाल तर त्यांना घरचा रेडिओ आधी बंद करायला सांगावं.

भाषेबद्दलही एक गोष्ट. आमच्याकडे एकाच मंडळात तुकोबांच्या अभंगानंतर कन्नड संत पुरंदरदासांचं पद सहज म्हटलं जातं. भीमसेन जोशींनी दोन्ही एकाच तळमळीने गायली, आणि सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्वही याच मातीतले. गाणाऱ्याला मध्येच थांबवून 'हे मराठीत सांगा', 'हे कन्नडमध्ये सांगा' करू नये. त्याला येईल तसं बोलू द्यावं आणि शेवटी निवेदकाने दोन वाक्यांत आशय सांगावा. गावाकडचा माणूस भाषा सांभाळायला लागला की गोष्ट विसरतो.

राहिला हक्कांचा विषय, ज्याबद्दल मंडळांना काहीच सांगितलं जात नाही. संतांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. चाल मात्र अलीकडच्या संगीतकाराची असेल तर त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्यावर हक्क असतो. म्हणून कॅसेटवरून उचललेली चाल आणि मंडळाची पारंपरिक चाल यांची नोंद वेगळी करावी. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ३८ प्रमाणे कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. रेडिओवर एकदा लावायला दिलेली संमती म्हणजे इंटरनेटवर कायमचं चढवायला दिलेली संमती नव्हे. दोन्हींसाठी वेगवेगळी सही घ्यावी, आणि कागद वाचून दाखवून घ्यावी. नोंदीत गाव, मंडळाचं नाव, प्रत्येक वादकाचं नाव, पट्टी, ताल, तारीख असावी. 'भजन १ नवीन' अशा नावाची फाइल वर्षाने कुणालाच सापडत नाही.

सामुदायिक रेडिओ केंद्राला शंभर वॅट प्रभावी ताकदीची आणि तीस मीटर उंच एरियलची मर्यादा असते. शहरात ते ऐकू येतं, खानापूरच्या पलीकडच्या वाडीत येत नाही. म्हणजे ज्यांनी गायलं त्यांच्या घरच्यांनीच ते ऐकलेलं नसतं. धारवाड आणि सांगलीच्या मोठ्या केंद्रांचं तसं नाही, पण तिथेही प्रक्षेपणाची वेळ गाठणं शेतावरच्या माणसाला जमेलच असं नाही. म्हणून मंडळ उठून जाण्यापूर्वी त्या दिवसाच्या मुद्रणाची प्रत पेन ड्राइव्हवर त्यांच्या हातात द्यावी, मानधनाच्या पाकिटाबरोबरच. 'नंतर पाठवतो' म्हटलेली प्रत सहसा पोहोचत नाही. आणि कार्यक्रम रात्री ठेवणार असाल तर शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून घ्या. पखवाज घेऊन रिक्षात सहा माणसं बसत नाहीत.

आपले,
बेळगाव-खानापूर परिसरातील काही साथीदार आणि ध्वनिमुद्रक